तुळशीपाशी ठेवलेली पानं

९ सप्टेंबर

रुईचं पान रंगवून झालं आणि माझा झाडांच्या पत्त्यांचा संच पुरा झाला. दुपारभर पंखा बंद ठेवून सगळी पानं बैठकीत वाळत घातली होती. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“पत्ते करून राह्यली काय वं? जुगार खेळतं?”

त्यांना समजावून सांगितलं. उन्हाळ्यात गल्लीतल्या दिपालीसोबत निसर्ग-साधनेच्या शिबिराला गेले होते, तिथे शिकवलेलं. रोज सकाळी एक पान उचलायचं, त्यावर जे झाड असेल त्याच्यापाशी जाऊन गप्प बसायचं, विचारायचं आणि ऐकायचं. शिबिरातल्या ताईंनी दिलेल्या संचात सगळी परदेशी झाडं होती. लॅव्हेंडर, रोझमेरी, ओक. ओक आला तर मी इथे वर्ध्यात, पिपरी मेघेत कुठे जाऊन बसणार? म्हणून आपल्याकडची घेतली. पळस, मोह, बेहडा, तरवड, बाभूळ, गुळवेल, केळ, दूर्वा, अगदी धोतरासुद्धा. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या, सुचल्या तशा.

कागद जाड हवा होता. कपाटात सोनेरी काठाचा पडूनच होता, नवाकोरा. छापील बाजूवर खाकी कागद चिकटवून टाकला.

“त्या पत्रिका कापल्या तू?”

“कागदच आहे तो, आई.”

त्या आत गेल्या. मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकांचं काय लोणचं घालायचं? ज्या मुलीच्या नावाने त्या छापल्या होत्या ती मांडव टाकायच्या आधी आष्टीच्या पोराचा हात धरून निघून गेली. यवतमाळचे पाहुणे आमच्या दारात उभे राहून जे बोलले ते मी ऐकलं, तिने नाही. या वहीत तिचं नाव येणार नाही. ताई म्हणाल्याच होत्या, वही ही मनाची झाडलेली जागा असू द्या.

मधुमालतीचंही एक पान रंगवलं होतं. ती वेल तिने लावलेली, आमच्या गेटावर. त्याच वर्षी मी ती बुडापासून तोडायला लावली. पान संचात घातलं नाही. साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं.

१० सप्टेंबर

पहिलं पान गुळवेल!

रात्री गठ्ठा पिसून तुळशीपाशी तांब्याच्या ताटलीखाली ठेवायचा आणि सकाळी आंघोळ करून वरचं पान उचलायचं, अशी माझी पद्धत. गुळवेलीखाली मी लिहिलंय: ‘तोडून फेकली तरी हवेतून मुळं सोडते. तुटलं असं समजू नका.’ मागच्या रिकाम्या प्लॉटात कडुनिंबावर गुळवेल चढली आहे. तिथे जाऊन बसले. डास फार होते, पण बरं वाटलं.

जेवताना एक नवल घडलं. भूपेंद्र, म्हणजे आमचे हे, जेवताना कधी तोंड उघडत नाहीत. दुकानातले पाइप आणि नळ तरी जास्त बोलत असतील. आज आपणहून विचारलं, “कोणतं पान आलं?”

“गुळवेल.”

“मंग? काय समजलं त्यातून?”

“काढा घ्यायचा. माझे गुडघे दुखतात ना.”

यांचा घास हातातच राहिला. “काढा,” म्हणाले.

“हो.”

“हूं.”

१२ सप्टेंबर

आज पुन्हा गुळवेल. कालही तीच होती, परवाही तीच. गठ्ठा मी स्वतः पिसते, डोळे मिटून. एवढ्या पानांतून रोज तेच एक वर कसं येईल?

दिपालीला फोन केला तर ती किंचाळलीच. “ताई, झाड तुमच्याशी बोलून राह्यलं! शिबिरात इतक्या बाया होत्या, कोणाले असं नाई झालं.”

मी काढा दुप्पट केला.

१४ सप्टेंबर, रविवार

आज कडुनिंबाखाली पहिलं मंडळ बसलं. दिपालीने बऱ्याच जणी गोळा केल्या. जमिनीला हात लावून सुरुवात केली, मग सगळ्या गप्प बसलो, मग प्रत्येकीने एकेक पान उचललं. मागच्या गल्लीतल्या सुलोचनाबाईंना बाभूळ आली. त्यांचं आणि त्यांच्या दिराचं बांधावरून बोलणं बंद आहे. मी म्हणाले, “बाभूळ काटे राखते, पण सावली अडवत नाही. झाडं राग धरून बसत नाहीत, बाई. आपणच बसतो.”

त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, “आन तुमी?”

“मी काय?”

“काई नाई. असंच.”

जाताना सगळ्या जणी पाया पडू लागल्या. मला संकोच झाला, पण खोटं कशाला लिहू, आवडलंही.

२६ सप्टेंबर

हे वसुलीच्या निमित्ताने आष्टीकडे जाऊन आले. त्या गावाचं नाव निघालं की मी दुसऱ्या खोलीत जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. संत्र्यांची पिशवी घेऊन आले. एवढ्या लवकर कोणी दिली विचारलं तर म्हणाले, “ओळखीच्यांनी. बागेतले पहिले फळं हायेत, खाऊन पाह्य.” आंबट होती.

सासूबाई नवरात्रात गोधडी शिवायला बसल्या आहेत. माझ्या जुन्या मऊ साड्या मागून घेतल्या. एवढीशीच गोधडी. विचारलं तर म्हणाल्या, देवाच्या पाटाखाली टाकायची आहे. या वयात त्यांना काय काय सुचतं!

८ ऑक्टोबर

पान: केळ. ‘आईच्या पायाशी कोंब येतो. कोंब आला की समजावं, घर वाढलं.’

वाचून अंगावर काटा आला, कारण कालच दिपाली म्हणत होती की आंजीला दुसरं मंडळ सुरू करू या, तिथल्या बाया विचारत आहेत. पानाने शिक्कामोर्तबच केलं. मंडळाला कोंब फुटतोय.

सांगायला घरात कोणी नव्हतं. हे पहाटेच निघून गेले, गोदामात माल उतरायचा आहे म्हणून. सासूबाई काल एकाएकी आर्वीला भाचीकडे गेल्या. डिंकाचे लाडू स्वतःच्या गुडघ्यांसाठी केले होते, तो अख्खा डबा घेऊन गेल्या. भाचीचे गुडघे इतके वाईट आहेत हे माहीत नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मंडळात केळी वाटली, दोन फण्या. आंजीचं ठरल्याचं सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी घरी आल्यावर यांना हसत सांगितलं तर हे उठून मोरीत गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. अंगाला फिनाईलचा वास येत होता. गोदामात काही सांडलं असेल.

“बरं नाही का?”

“बरं हाय.”

डोळे लाल होते. यांनी बीपी तपासून घ्यायला हवं.

२२ ऑक्टोबर

पाडवा. दिवाळी कशीतरी झाली. हे दुकान बंद करून रोज उशिरा येतात, खात नाहीत. सासूबाई आर्वीहून आल्या त्या गप्प. मी ओवाळायला बसले तर हे पाटावर बसले आणि एकदम म्हणाले, “रीता, तुले कधी आठवण येते का?”

“कोणाची?”

हे म्हणाले, “ओवाळ.”

६ नोव्हेंबर

जे झालं ते नीट, क्रमाने लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

आंघोळ केली. ताटली उचलली. वरचं पान उचललं. मधुमालती.

मधुमालती संचात नव्हती. मी ती घातलीच नव्हती. साड्यांच्या घडीखाली होती ती. तिथेच ओल्या फरशीवर बसले. सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं. मग उठून कपाट उघडलं. घडी जशीच्या तशी. पान नाही.

खाली ओळ लिहिली होती मी. तेव्हा काय मनात होतं कोण जाणे. ‘ज्या दारावर चढते, ते दार विसरत नाही.’

हातात घेऊन दिवसभर हिंडले. स्वयंपाक सासूबाईंनी केला.

७ नोव्हेंबर

दिपाली आली, पान हातात घेऊन रडली. म्हणाली हा साक्षात्कार आहे. तिने फोटो काढून स्टेटसला लावला. दुपारपर्यंत सेलूहून आणि हिंगणघाटहून फोन. एका बाईने विचारलं, नवरा परत येईल का हे पान सांगेल का. मी तिला काय सांगितलं ते आठवतसुद्धा नाही.

मला भीती वाटते आहे. आनंद व्हायला हवा, पण भीतीच वाटते आहे. झाडाला माहीत कसं, की मी काय लपवून ठेवलंय?

९ नोव्हेंबर, रविवार

प्लॉटात बसायला जागा नव्हती. लोक चप्पल काढून आत येत होते. कोणीतरी कडुनिंबाला हार घातला. मधुमालतीचं पान मी मधोमध पाटावर ठेवलं होतं, त्यावर कुंकू पडलं.

घरी येऊन कुंकू पुसायला घेतलं. कडेला एक डाग होता, पांढरा, चिकट, अंगठ्याएवढा. नखाने खरवडला. निघेना. वास घेऊन पाहिला.

हा सफेदा आहे. नळाच्या आट्यांना धाग्यासोबत लावतात तो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून यांचे शर्ट धुताना मी तो कपड्यांवरून काढते आहे. निघत नाही म्हणून चिडते आहे.

दुसरं काही लिहवत नाही.

११ नोव्हेंबर

पहाटे नळ येतो, पाणी हेच भरतात. मी तेव्हा झोपलेली असते. आज जागी राहिले. नळाचा आवाज आला तशी उठून स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड उभी राहिले.

हे तुळशीपाशी उकिडवे बसले होते. चष्मा नाकावर. पानं दोन्ही हातांत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी धरलेली. एकेक पान उजेडाकडे करून ओठ हलवत वाचत होते. “पळस... नाई. तरवड... नाई.”

मी दार उघडलं. “अहो.”

हातातली सगळी पानं खाली पडली. बादली भरून वाहत होती, पानं त्या पाण्यात गेली. रंग सुटायला लागला. आम्ही दोघंही पाहत राहिलो. नळ कोणीच बंद केला नाही.

“कधीपासून?”

“पह्यल्यापासून.”

“रोज?”

“रोज नाई. ज्या दिवशी काई सांगायचं राहे त्या दिवशी.”

“काऊन?” मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांचा दिवा लागला. “काऊन केलं असं माझ्यासोबत?”

हे उठले. गुडघ्याला हात लावून, हळूहळू. माझ्याकडे न पाहता नळ बंद केला.

“माह्यं तू ऐकत नाई, रीता. तिचं नाव काढलं का ताट उचलून आत जातं. दोन वर्ष मी भिंतीशी बोललो. झाडाचं तं ऐकतं ना तू. म्हटलं, झाडानं सांगावं.”

“काय सांगावं?”

“सुरभीले पोरगी झाली.”

हे नाव या घरात दोन वर्षांनी मोठ्याने उच्चारलं गेलं. आणि आता मी ते लिहिलं आहे. सुरभी. सुरभीला मुलगी झाली.

“केव्हा?”

“केळ ठेवली होती ना, त्याच्या आदल्या राती. दिवस भरले नव्हते. आष्टीहून ॲम्बुलन्सनं इथं आणलं.”

“इथं म्हणजे?”

“इथंच. वर्ध्यात. पोट्टी काचेच्या पेटीत होती. दिवाळी आमची तिथंच झाली. आता बरी हाय. घरी गेली.”

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं एकदम कळलं. आर्वीची भाची. लाडू. देवाच्या पाटाखाली टाकायची ती एवढीशी गोधडी. घरात सगळ्यांना माहीत होतं. सुलोचनाबाईंनाही माहीत असेल. नळ सोडायला येतो त्यालाही असेल.

माझी मुलगी इथून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर पडून होती, तिचं बाळ काचेत होतं, आणि मी त्या रविवारी टाळ्या ऐकत केळी वाटत होते.

१२ नोव्हेंबर

दिवसभर खोलीत. यांनी दारापाशी चहा आणून ठेवला, थंड झाल्यावर नेला. पुन्हा आणला.

संध्याकाळी मी एकच विचारलं. “केळ तुम्हाला सुचली?”

“मले कुठं सुचते!” हे दाराच्या चौकटीशी उभेच होते. “मी तिले तुह्या पानाईचे फोटो पाठवले होते. खालचं लिवलेलंही वाचून दाखवलं फोनवर. तेच म्हणे, बाबा, आई माणसाचं नाई ऐकत, तं मंग तिच्या झाडालेच सांगायले लावा. आधी गंमतच केली तिनं. मंग त्याच राती म्हणे, उद्या गुळवेल ठेवा.”

“गुळवेल तिची?”

“तीनदा ठेवायले लावली. तू काढा पिऊन राह्यली म्हणून सांगितलं तं लय हसली. मंग रडली.”

“आणि मधुमालती?”

“साड्याखाली सापडली मले, पत्रिकेचे उरलेले कागद पाह्यले गेलतो तवा. तिले फोटो पाठवला. ते म्हणे, हेच ठेवा, आन आता यानंही नाई समजलं तं सोडून द्या, बाबा.”

“मग काल कोणतं शोधत होता?”

“काई नाई. मले वाटलं, सोडून काऊन द्याचं? माह्या मनानं एखादं पाहू.” कप उचलत म्हणाले, “दूर्वा बी माहीच होती, ‘तुडवली तरी भांडत नाही’ ते. तू नालीवरून शेजारणीशी भांडून आलतीस त्या दिवशीची.”

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी हसले असते.

म्हणजे दोन महिने माझी मुलगी माझ्याशी बोलत होती. माझ्याच हाताने लिहिलेली वाक्यं निवडून मला पाठवत होती. आणि मी उत्तर म्हणून काढा पीत होते.

१३ नोव्हेंबर

मी काय चीज आहे ते आज कळलं. नात झाली हे समजल्यावर माणसाला काय वाटायला हवं? मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, म्हणजे झाडांनी मला निवडलेलं नव्हतं.

प्लॉटात गेले, पान न घेता. कडुनिंबावरचा हार सुकून गेला होता, तो काढून टाकला. गुळवेलीपाशी बसले. काहीही ऐकू आलं नाही. समोरच्या बांधकामावर गिट्टी-सिमेंटचं मिक्सर फिरत होतं, तेवढंच. वेल मात्र होती. तिला मी दिसतही नव्हते आणि नकोही नव्हते. तरी बसून राहिले. मिक्सर थांबलं तेव्हा लक्षात आलं की मी रडते आहे.

काचेच्या पेटीत बाळाला हात लावू देतात का? कोणाला विचारू?

१६ नोव्हेंबर, रविवार

दिपालीने खूप विनवलं, सांगू नका म्हणून. मी सगळ्यांसमोर सांगितलं. पान माझ्या नवऱ्याने ठेवलं होतं. झाडाने काही केलं नाही. हिंगणघाटहून आलेल्या बाई उठून सरळ चालत्या झाल्या. एकीने तोंडावर “नाटकं” म्हटलं. दिपाली चप्पल घालता घालता म्हणाली, “ताई, कायले सांगितलं हो? आता कोण येईन?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मनापासून विश्वास ठेवला होता, तिला मी काय सांगणार?

सुलोचनाबाई बसून राहिल्या.

“आमच्या पानाईत तं कोणी हात नव्हता घातला ना?” त्यांनी विचारलं.

“नाही. ती तुम्ही स्वतः उचललेली.”

“मंग आमचं आमच्यापाशी राहू द्या. मी दिराच्या घरी जाऊन आली. चहा नाई पाजला त्यानं, पण बस म्हणे.” मग उठताना माझ्या खांद्यावर भार देत म्हणाल्या, “तुमी कवा जाता?”

१९ नोव्हेंबर

आज आष्टीला गेलो. दुकानाच्या टेम्पोतून, आर्वीमार्गे. हे गाडी चालवत होते आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मला एकही वाक्य जुळलं नाही.

घर लहान आहे, पुढे पत्र्याचं छप्पर, अंगणात संत्र्यांचे रिकामे-भरलेले क्रेट रचलेले. अंकितने दार उघडलं. हाच तो. मी त्याला कधी नीट पाहिलंही नव्हतं. साधा, काळासावळा, घाबरलेला पोरगा. तो पाया पडायला वाकला आणि माझा पाय आपोआप मागे गेला. त्याने पाहिलं. यांनी पाहिलं. मला स्वतःचीच लाज वाटली, पण पाय मागे गेला तो गेलाच.

सुरभी आतल्या दाराशी उभी होती. किती वाळली आहे! गाऊनवर ओढणी, केस कसेतरी बांधलेले. मी पाहत राहिले. रस्त्यात दिसली असती तर ओळखलंही नसतं, असं क्षणभर वाटलं.

“बाबा, बसा,” ती म्हणाली. मला काही म्हणाली नाही.

मी उभीच. मग तिने विचारलं, “झाडानं सांगितलं म्हणून आली?”

“नाई.” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “झाडानं सांगितलं तेव्हा मले समजलंच नाई.”

ती हसली नाही. “केळी वाटली म्हणे तू.”

“हो.”

“मी तिथं दवाखान्यात खिडकीत उभी राहून वाट पाहिली. मला वाटलं, केळ म्हटल्यावर तरी तुला कळेल. बाबा आले, त्यांच्या हातात केळी होती. म्हणे, आईनं मंडळात वाटली, त्यातली उरली.” तिने ओढणी सावरली. “मी ती खाल्ली. भूक लागली होती मला.”

हे खाली पाहत होते. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी तिच्याकडे एक पाऊल गेले, तशी ती बाजूला झाली. चिडून नाही. वाटेत अनोळखी बाईचा पदर चुकवावा तशी. “ती झोपली आहे,” म्हणाली. “उठवू नको.”

दारातूनच पाहिलं. त्या गोधडीवर माझ्या अबोली साडीच्या काठाचा तुकडा लावलेला आहे. त्यावर इतकं लहान माणूस. इतकं लहान माणूस असतं, हे मी विसरूनच गेले होते. नाक आमच्याकडचं नाही. अंकितचं आहे.

जेवण अंकितने वाढलं. बोलता बोलता समजलं की सुरभी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, सोमवारपासून परत जायचं आहे, नाहीतर जागा जाईल. अंकितची आई नाही. बाळाला सांभाळायला बाई मिळत नाही.

“मी राहते,” मी म्हणाले.

मग सुरभी ताटाकडे पाहत म्हणाली, “दोन दिवस राहशील. मग काहीतरी बोलणं होईल, आणि तू उठून जाशील. मला नाई जमत आता ते.”

जेवण झाल्यावर यांना अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, “तुम्ही जा. मी इथे आहे.”

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

“आन तिकडं जेवणाचं?”

“तुमची आई आहे, तुमाले हात आहेत.”

हे टेम्पोपाशी उभे राहिले. माझ्याकडे असे पाहत होते जसं काही मीच कोणी नवीन बाई आहे. मग गाडीत बसले, पुन्हा उतरले, अंगणातल्या संत्र्याच्या क्रेटमधून एक फळ उचललं, खिशात घातलं आणि गेले.

२० नोव्हेंबर

वही सोबत आणली हे बरं झालं. सुरभीची साडी नेसले आहे, मला आखूड होते.

दिवसभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तांदूळ कुठे, गॅस कसा लावायचा. अंकितशी मीच बोलले. बागेचं विचारलं, तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. बाळाला मात्र तिने हातात दिलं नाही. रडलं की तीच उठायची, दूध पाजून, पुसून, कुशीत घेऊन, माझ्याकडे पाठ करून बसायची. मी भांडी घासली. लंगोट धुतले. एकेक दोरीवर वाळत घातला. नाव काय ठेवलं ते विचारायचं होतं, धीर झाला नाही.

एकदा वाटलं, परत जावं. हे खरं आहे म्हणून लिहिते. दुपारी चपलेपर्यंत गेलेही. मग कढईत भाजी लागल्याचा वास आला.

२१ नोव्हेंबर

उजाडलं होतं. मी चहाला पाणी ठेवत होते. आतून बाळाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. सुरभी बाहेर आली. झोपेने डोळे उघडत नव्हते, केस तोंडावर, पायात चप्पल एकच. बाळ खांद्यावर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी वळून पाहिलं. पाणी उकळत होतं.

मग तिने बाळ पुढे केलं. म्हणाली, “धर.”

आई म्हणाली नाही. नुसतं धर.

मी हात पदराला पुसले आणि धरलं.